सपाट प्रदेशातला आठवडा

आई, तुला पत्र लिहिण्याचे धाडस करते आहे, त्याबद्दल आधी क्षमा मागते. तू होतीस तेव्हा तुला पत्र लिहिण्याची वेळच आली नाही. तू एका खोलीच्या अंतरावर असायचीस आणि मी त्याहून लांब कधी गेले नाही. आता इतक्या वर्षांनी, तू वाचणार नाहीस हे पक्के ठाऊक असताना लिहायला बसणे हा आगाऊपणा आहे की निव्वळ वेडेपणा, हे मला ठरवता येत नाही. शिवाय माझी भाषा. दोन ओळी वाचून तू कागद खाली ठेवला असतास आणि विचारले असतेस, "हे पेपरात छापायले पाठवून राहिली का?" मराठी शाळेत पहिला नंबर काढणाऱ्या मुलीला लिहिता येते, बोलता येत नाही, ही तुझी जुनी तक्रार. ती अजून खरी आहे. मी आता कनिष्ठ महाविद्यालयात गणित शिकवते. फळ्याकडे तोंड करून तासभर बोलू शकते. वर्गाकडे वळले की आवाज निम्मा होतो.

लिहिण्याचे कारण असे की येत्या मे महिन्यात बाबा आणि मी युरोपला जातो आहोत. दादा जर्मनीत स्थिरावला आहे, हे तू पाहिले नाहीस. तिथे त्याची नोकरी आहे, वहिनी आहे, आणि एक मुलगा आहे जो बाबांशी फोनवर "जय भीम आजोबा" एवढे स्वच्छ मराठीत बोलतो आणि मग जर्मनमध्ये काहीतरी सांगत सुटतो. आम्ही सगळ्यांनी मिळून हिंडायचे असे ठरले, दादाने तिकिटे काढली, आणि नेमकी त्यानंतर त्याच्या कचेरीने त्याची रजा एक आठवडा पुढे ढकलली. तो फोनवर म्हणाला, "आता तिकिटं बदलत बसू नका. पहिला आठवडा तुम्ही दोघंच कुठेतरी फिरा, मग मी येऊन तुम्हाला घेतो." त्याला हे फार सोपे वाटले. व्हिसाच्या कागदांत प्रत्येक रात्रीचा मुक्काम लिहावा लागतो, म्हणून गावांची नावे आजच्या रविवारपर्यंत कळव, असेही त्याने सांगितले. बाबांबरोबर आठवडाभर एकटी, आणि तो आठवडा ठरवायचा मी. तू असतीस तर ही वेळच आली नसती. बाबांच्या मनात काय आहे ते तू पाच मिनिटांत विचारून आली असतीस.

आपल्या घराची पद्धतच तशी होती. दादाला किंवा मला बाबांना काही विचारायचे असले की ते आम्ही तुला सांगायचे, तू बाबांकडे जायचीस आणि उत्तर घेऊन परत यायचीस. बाबांना आमच्याशी बोलायचे असले तरी रस्ता तोच. यात भीती मुळीच नव्हती. बाबांनी घरात आवाज चढवल्याचे मला आठवत नाही. खडकीच्या फॅक्टरीचे ते दोन खोल्यांचे क्वार्टर, बाबा बाहेर गॅलरीत आणि मी आत स्वयंपाकघरात, मध्ये एक पडदा. पण तो पडदा ओलांडायचा अधिकार तुझा. मी ओट्यापाशी बसून शेंगा सोलते आहे. बाबा पहिल्या पाळीवरून येऊन वर्तमानपत्र वाचताहेत. मी म्हणते, "आई, बाबांना विचार ना, नवं कंपास घेऊ का." तू पदराला हात पुसतेस, जातेस. तुझा आवाज ऐकू येतो, बाबांचा येत नाही. तू परत येतेस. "घे म्हणतात. पण चांगलं घे म्हणतात, दरवर्षी नाही भेटणार." यातले दुसरे वाक्य बाबांचे की तुझे, हा प्रश्न मला तेव्हा कधी पडला नाही.

एकदाच मी तो रस्ता मोडला. नववीत होते, शाळेची सहल अजिंठ्याला निघाली होती आणि होकार दुसऱ्या दिवशी सकाळी द्यायचा होता. तू बाजारात गेली होतीस. बाबा सायकलची साखळी पुसत दारात बसले होते. मी बराच वेळ उंबऱ्यावर उभी राहिले आणि म्हणाले, "बाबा, सहलीला जाऊ?" त्यांनी वर पाहिले. "हो, जा," म्हणाले. इतके सोपे असते हे मला ठाऊकच नव्हते. तू आलीस तशी मी आनंदाने तुला सांगितले, आणि तुझ्या हातातली पिशवी तू जरा जास्तच जोरात खाली ठेवलीस. "तुले थांबता नाही आलं माझ्यासाठी, असं झालं का? मी काय बाजारात राहायले गेली होती?" मग थोड्या वेळाने, कांदा चिरता चिरता, माझ्याकडे न पाहता: "उद्या काही बिनसलं तर मी कोणत्या तोंडानं बोलू त्यायच्याशी. मी मधात आहे न." आणि जेवणे झाल्यावर तू गॅलरीत गेलीस, बाबांना सगळे पहिल्यापासून विचारलेस, आणि पडद्यातून आत येऊन मला म्हणालीस, "जा म्हणतात." तेव्हा कुठे माझी सहल पक्की झाली.

दहावीचा निकाल लागला त्या दिवशीही असेच. शाळेत पहिली आले होते. बाबा गॅलरीत गुणपत्रिका घेऊन बसले आणि बराच वेळ आत आलेच नाहीत. मी स्वयंपाकघरात, भिंतीला टेकून. तू आलीस, माझ्या हातात काळ्या रंगाचे, सोनेरी टोपणाचे पेन ठेवलेस आणि म्हणालीस, "बाबांनी आणलं. अन म्हणतात, आपल्या खानदानात असं डोकं कोणाचंच नव्हतं." आई, त्या वाक्यावर मी किती वर्षे काढली ते तुला सांगायला हवे होते. बारावीत, पदवीला, तू गेल्यावर, पहिल्यांदा वर्गासमोर उभी राहिले आणि मुलांनी मागून माझ्या आवाजाची नक्कल केली त्या दिवशी, घरी येताना मी ते वाक्य मनात म्हटले होते. बाबांनी मला उद्देशून काढलेले तेवढेच मोठे वाक्य माझ्यापाशी होते.

आणि मग डोंगर. बाबांना सरकारी प्रवास-सवलत मिळायची त्या वर्षी लांबचे, एरवी जवळचे, पण उन्हाळ्यात आपण डोंगरात जायचो. चिखलदरा, पचमढी, महाबळेश्वर, एकदा थेट मनाली. "बाबाले डोंगर लय आवडतात," तू सांगायचीस, "वर्षभर त्या मशीनसमोर उभं राहतात, आठ दिवस गारव्यात राहू दे त्यायले." मला गाडी लागायची, हे तुला ठाऊक होते. घाट सुरू झाला की माझ्या पोटात गोळा यायचा, मग घाम, मग पिशवी. तरी मी कधी नको म्हटले नाही. बाबांना आवडते ना. तीन जणांच्या बाकावर तू खिडकीशी, मी मध्ये, पलीकडे बाबा; दादा मागच्या बाकावर. ते हातात लिंबू धरून डोळे मिटून बसलेले. मला वाटायचे, किती शांतपणे आनंद घेताहेत. तूच म्हणाली होतीस, "त्यायले गाडीत बोललेलं नाही चालत. त्यायले तसंच राहू दे." आणि तू खिडकीतून हात बाहेर काढून धुके लागते का ते पाहत असायचीस. तुझे गाव वर्ध्याकडचे, मे महिन्यात तिथे दारे लावून घ्यावी लागतात. वर पोहोचलो की तू शाल न घेता बाहेर उभी राहायचीस. "थंडीत मानसं जवळ जवळ बसते," म्हणायचीस. "उन्हात सगळे एकमेकांवर कावते."

तू गेलीस तेव्हा मी पदवीच्या शेवटच्या वर्षाला होते. रुग्णालयातही तुझे काम सुरूच होते. पलंगाच्या एका बाजूला मी, दुसऱ्या बाजूला बाबा, आणि तू माझ्याकडे मान वळवून म्हणतेस, "बाबाले म्हण, जेवून घ्या." ते ऐकू येण्याच्या अंतरावर बसलेले आहेत. मी म्हटले नाही. मला वाटले त्यांनी ऐकलेच असेल. त्यांना वाटले असेल मी सांगेन. त्या दिवशी ते जेवले नाहीत.

नंतर बाबा निवृत्त झाले, क्वार्टर सोडले, आणि खडकी बाजाराच्या मागे आम्ही हा छोटा फ्लॅट घेतला. हे घर तू पाहिलेले नाहीस. यात पडदा नाही, कारण लावायचे कोणाला सुचले नाही. बाबा आणि मी इथे फार सभ्यपणे राहतो. ते सकाळी फिरायला जातात, दूध आणतात, भाजी निवडून ठेवतात. मी स्वयंपाक करते, कॉलेजला जाते. भांडण नाही. पण तुझ्या जागी कोणीतरी हवेच होते, आणि ती जागा हळूहळू दादाकडे गेली. बाबा त्याला रविवारी फोनवर सांगतात, तो मला सोमवारी मेसेज करतो. मोरीतला नळ गळतो आहे, हे मला जर्मनीहून कळले. बाबांना रात्री भात नको असतो, हेही तिकडूनच. मध्ये एकदा दादा वैतागला. "अगं, मी इथे बर्फ उपसत उभा आहे आणि तुमच्याकडची साखर संपल्याचं तुला मी सांगू? ते तुझ्या समोर बसलेत." मी म्हटले, हो, बसलेत. आणि साखर आणली.

तेव्हा आठवड्याची आखणी मी त्याच जुन्या माहितीवर सुरू केली. बाबांना डोंगर आवडतात, म्हणून स्वित्झर्लंड. बोर्डाच्या उत्तरपत्रिका तपासून झाल्या की रोज रात्रीच्या जेवणाआधी मी वाचत बसायचे. दातेरी रुळांवरून चढणारी गाडी, तारेला टांगलेली केबिन, शिखरावरचे उपाहारगृह. प्रत्येक चित्र पाहताना पोटात तो जुना गोळा येत होता, आणि मी त्याला मनातल्या मनात दटावत होते की हा आठवडा तुझ्यासाठी नाही. बाबांना चित्रे दाखवली. त्यांनी चष्मा लावून नीट पाहिली, म्हणाले, "छान आहे." पुढे काही नाही. मग याच आठवड्यात दादाचा फोन आला. इकडचे तिकडचे बोलून झाल्यावर म्हणाला, "बाबा विचारत होते, मला पहिल्याच आठवड्यात नाही का सुट्टी मिळणार. दोनदा विचारलं त्यांनी."

"का?"

"ते मी विचारलं नाही. तू विचार. एका घरात राहता तुम्ही."

मी विचारले नाही, कारण उत्तर मला कळलेच होते. माझ्याबरोबर आठवडाभर एकटे राहणे त्यांना नको होते. त्यात त्यांची चूक काय? मी बोलत नाही. प्रवासात शेजारी पुस्तक उघडून बसणारी मुलगी कोणाला हवी असेल? दोन दिवस मी कॉलेजातून उशिरा घरी आले. तिसऱ्या दिवशी ठरवले की दादाला सांगावे, मला रजा मिळत नाही. बाबांना एकट्याने नंतर येऊ दे. हेही दादाच त्यांना सांगेल. सगळे रीतसर होईल.

ते सांगायचे राहून गेले, आणि काल संध्याकाळी मी बाजारातल्या औषधाच्या दुकानात शिरले. सहल रद्द करायच्या विचारात असताना गाडी लागण्याच्या गोळ्या का मागितल्या, हे मला सांगता येणार नाही. सवय असावी, एखादी गोष्ट ठरली की मी तिची तयारी करत राहते. ते औषधवाले काका तुझ्या वेळचेच. अजून तसेच, गिऱ्हाइकाकडे न पाहता बोलतात.

"गाडी लागण्याच्या गोळ्या द्या. पंधरा दिवसांच्या."

त्यांनी चष्म्यावरून पाहिले. "परवा बाबा तुमचे घेऊन गेले. त्याच. पंधरा दिवसांच्याच."

मी म्हटले, "माझ्यासाठी नेल्या असतील."

"स्वतःसाठी, म्हणाले. लहानपणापासून त्रास आहे म्हणाले. मी वय विचारून दिल्या." त्यांनी खण उघडला. "म्हणजे दोघांनाही लागते. विमान चालवणार दुसरंच कोणीतरी आहे ना? मग हरकत नाही."

मी गोळ्या न घेताच बाहेर पडले, आणि रस्त्यात माझ्या डोळ्यांसमोर तो तीन जणांचा बाक आला. लिंबू. मिटलेले डोळे. ओठ पांढरे पडलेले होते, हेही आता दिसले. इतकी वर्षे ते चित्र माझ्यापाशी होते आणि मी ते पाहिलेच नव्हते.

घरी आले तेव्हा बाबा स्वयंपाकघरात खाली बसून मेथी निवडत होते. मी दारात उभी राहिले. दादाला फोन लावावा, असे खरोखर क्षणभर मनात आले. मग म्हणाले, "बाबा, तुम्हाला गाडी लागते?"

हातातली काडी तशीच राहिली. "कोण म्हणलं?"

"औषधवाले काका."

"त्याच्या पोटात काही राहत नाही."

"पण लागते का?"

"घाटात लागते. सपाटीवर काही नाही होत." पुन्हा मेथीकडे. "होते तेवढं सहन."

"मग स्वित्झर्लंडला हो का म्हणालात?"

"तुले आवडतात न डोंगर."

"मला?"

"दरवर्षी तूच म्हणायची न, डोंगरातच जायचं. तुझी आई सांगे. मी म्हणे, अगं पोरगी एवढ्या उलट्या करते, कायले नेतो आपण तिले. तर म्हणे, तरी तिले तिथंच जायचं असते, हट्टी आहे."

मी त्यांच्या समोर खाली बसले. म्हणाले, "मला ती सांगायची, तुम्हाला आवडतात."

खाली कोणीतरी स्कूटर सुरू करत होते. ती चार-पाच वेळा घरघरून बंद पडली, मग सुरू झाली, निघून गेली. मग बाबा म्हणाले, "मनालीले सुद्धा?"

"मनालीला सुद्धा."

"रातभर मी डोळे मिटून बसलो होतो. म्हटलं, पोरीले दिसायले नको."

"मला वाटलं तुम्ही आनंद घेताय."

तेव्हा ते हसले. आई, बाबांना असे हसताना मी पाहिले नव्हते. आवाज नाही, नुसते खांदे हलतात आणि डोळ्यांतून पाणी येते. माती लागलेल्या हाताच्या मागच्या बाजूने डोळे पुसत म्हणाले, "एका बाकावर दोघं जण मरून राहिलो होतो, अन ती खिडकीतून ढग पाहे." मीही हसत होते. पण हसता हसताच मला दुसरे काहीतरी आठवू लागले. डोंगर जर तुझे होते, तर बाकीचे? चांगले कंपास घे, हे कोणाचे? आणि ते एक वाक्य? ज्या वाक्यावर मी इतकी वर्षे उभी आहे, ते तू स्वयंपाकघर आणि गॅलरी यांच्यामध्ये कुठेतरी रचले असशील, तर मग बाबांनी मला आजवर काय म्हटले? विचारू नये, असे फार वाटले. न विचारता मी उरलेले आयुष्य काढू शकले असते. पण जाणे की न जाणे, हे त्यावरच ठरणार होते, हे मला कळत होते.

"बाबा, दहावीच्या निकालाच्या दिवशी तुम्ही काही म्हणाला होतात का? आई म्हणाली, तुम्ही म्हणालात, आपल्या खानदानात असं डोकं कोणाचं नव्हतं."

त्यांनी बराच विचार केला. खोटे सांगता आले असते. मी तयार होते. पण त्यांनी मान हलवली. "नाही म्हणलो मी. पेन मीच आणलं होतं, लक्ष्मी रोडवर जाऊन. पण म्हणलो काही नाही. ते मार्कलिस्ट हातात घेऊन नुसता बसलो होतो. ती आली, म्हणाली, काही बोलाल का पोरीले. मले काही सुचलंच नाही." निवडलेली मेथी त्यांनी उगाच एकदा वरखाली केली. "तिनं जे सांगितलं ना, ते मी म्हटलंच असतं. मले जमलं असतं तर."

मी त्यांच्या पुढ्यातली थोडी मेथी ओढून घेतली आणि निवडायला लागले. थोड्या वेळाने, जणू हे सगळे एकाच विषयाचा भाग असल्यासारखे, त्यांनीच सांगितले की दादाला लवकर येतोस का असे का विचारले. "मी तिथं वर जाऊन उलट्या करत बसलो, तर तुले कोण पाहील? म्हटलं, तो असला तर मी खाली हॉटेलात राहीन, तुम्ही दोघं जाल."

मग मी विचारले, त्यांना काय पाहायचे आहे. हा प्रश्न त्यांना कोणी थेट विचारला नव्हता, असे मला वाटते; ते आधी "तू म्हणशील ते," असे म्हणाले आणि मी गप्प राहून वाट पाहिली. मग म्हणाले, हॉलंड. दादाने कधीतरी त्यांना सांगितले होते की तिथे समुद्र मागे सारून जमीन केली आहे, एक टेकडी शोधून सापडत नाही, आणि कालव्यांत लोखंडी दरवाजे आहेत, त्यांत पाणी भरून बोटी वर चढवतात. ते दरवाजे त्यांना पाहायचे आहेत. कसे बसवले असतील, गळत कसे नाहीत. भंडाऱ्याकडचा माणूस, तलाव आणि भाताची बांधी पाहत वाढलेला. त्याला सपाट जमीन आणि साठवलेले पाणी पाहायचे होते आणि आपण त्याला घाटांतून फिरवत राहिलो. "अन तुले?" त्यांनी विचारले.

"एकाच गावात राहायचं. रोज तीच खोली. रोज त्याच दुकानातून पाव आणायचा. जवळ एखादं वाचनालय असलं तर बसायचं."

"तेवढंच?"

"तेवढंच."

"ते तर खडकीतही आहे," बाबा म्हणाले. इतकी वर्षे पुण्यात राहून त्यांनाही तिरकस बोलण्याचा तो वारा लागला आहे.

हॉलंडमधले लायडन नावाचे गाव आम्ही निवडले. जुने विद्यापीठ, रस्त्याला लागून कालवे. सगळे मुक्काम एकाच ठिकाणी. आणि तरी मला तुझ्याविषयी अपराधी वाटत होते, म्हणून मी म्हणाले, एक दिवस आईसाठी डोंगरात जाऊन येऊ या का, गोळ्या आहेतच. बाबा निवडलेली मेथी भांड्यात भरत होते. "नको," म्हणाले. रागाने नाही. "तिले जायचं होतं तर तिनं म्हणायचं होतं, मले जायचं आहे म्हणून. मी नाही म्हटलं असतं का?" आणि मग, भांडे उचलून ओट्यावर ठेवताना: "पुढच्या आठवड्यात तुझा दादा नेणारच आहे पोराले डोंगर दाखवायले. ते जातील वर. तू अन मी खाली बसू. चहा घेऊ."

आज सकाळी हे लिहिताना माझ्या लक्षात येते आहे की घरात सगळ्यांत जास्त बोलणारी तू होतीस, म्हणून लाजाळू मी, अशी वाटणी आपण कधीच करून टाकली होती. ती चुकीची होती. तू दोन्ही बाजूंची सगळी वाक्ये वाहिलीस, आमच्याजवळ नव्हती ती रचून दिलीस, आणि स्वतःसाठी एक वाक्य तुला कोणाच्या तरी नावाने म्हणावे लागले. "मले जायचं आहे." एवढेच तर होते. मी तुझ्या शेजारच्या सीटवर बसून होते आणि मला तेवढेही ऐकू आले नाही. तुझ्या हाताला धुके लागले की तुझा चेहरा कसा होत असे, हे मात्र मला नीट आठवते, आणि बाबांनाही आठवते. काल त्यांनी ते वर्णन करून सांगितले आणि ते माझ्या आठवणीशी जुळले.

एक गोष्ट सांगायची राहिली, आणि तुला हे पत्र देता येत असते तर बहुधा ती मी गाळली असती. काल तुझा विषय निघाला आणि संपला. त्यानंतरही आम्ही खूप वेळ बोलत होतो, पुलांविषयी, पावाविषयी, थंडी किती असेल याविषयी. भाजी झाली, जेवणे झाली, तरी बोलत होतो. त्या सगळ्या वेळात तू मध्ये असायला हवी होतीस, असे मला एकदाही वाटले नाही.

बाबा आत्ता फिरून आले आहेत आणि दूध तापवताहेत. दादाला गावाचे नाव मी स्वतःच कळवले, "आम्ही दोघांनी ठरवलं आहे" असे लिहून. रविवार, १५ मार्च, सकाळी सव्वासात.